इंदुरीला राहिलेले आबा

बेगडेवाडी
सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४

ती. शालनआत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि दादा सांगेल ते वेगळंच असेल. म्हणून काल काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आश्विनातला पहिला रविवार म्हणून आम्ही इंदुरीला गेलो. आकाशदादा, अनितावहिनी आणि त्यांची प्रेरणा देहूरोडहून कारने आले. आबा माझ्या स्कूटरवर मागे बसून आले.
२. किल्ल्याचा दरवाजा पाहिला. नदीकाठी भाकरी खाल्ली. ओल्या शेंगा उकडून नेल्या होत्या, त्या संपवल्या.
३. निघताना आबांनी नेहमीप्रमाणे बसल्या जागेभोवती फेरी मारली, सालं आणि कागद गोळा केले.
४. आबांनी हात वर करून हलवला.
५. दोन्ही गाड्या सुटल्या.
६. आबा स्कूटरवर आहेत असं दादाला वाटलं. प्रेरणा त्यांना देहूरोडला चला म्हणून मागे लागली होती, त्यामुळे ते कारमध्ये बसले असं मला वाटलं.
७. तळेगावात सीताफळं घ्यायला दोघं एकाच हातगाडीपाशी थांबलो. तिथे कळलं.
८. मी परत गेले. आबा घाटाच्या पायरीवर बसून एका अनोळखी म्हाताऱ्याशी म्हशींबद्दल बोलत होते. त्यांचा फोन कारमधल्या पिशवीत होता.

तुला माहीतच आहे, आबांनी सगळी नोकरी पुणे-लोणावळा लोकलवर गार्ड म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावरही ती सोडली नाही. आमच्या घरात त्यांचा हात हलल्याशिवाय सहलीची गाडी सुटत नाही, आणि हलला की कुणी मागे बघत नाही. चूक त्या सवयीत आहे. माझ्या मते ते गांधीलमाशी उडवत होते. शेंगांच्या सालांवर बऱ्याच घोंघावत होत्या.

घरी आल्यावर ते मला काहीच बोलले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले की आता रविवार बंद, चौथ्या रविवारी ठरलेल्या भाज्याच्या लेण्यांनाही ते येणार नाहीत.

मला काळजी याचीच आहे. पावसाळाभर घरात आंबलेली माणसं आश्विनात बाहेर काढायची, ही पद्धत आईची. जवळचं ठिकाण, घरची भाकरी आणि आपले पाय, एवढ्यावर चार रविवार. आई गेल्यापासून आबा घराबाहेर पडतात ते या चार रविवारीच. तेही बंद झाले तर वर्षभर ते गॅलरीतून रूळ बघत बसतील.

तू त्यांची मोठी बहीण. तुझं ते ऐकतात. काय करावं ते कळव.

तुझी,
अनघा

•

भांगरवाडी, लोणावळा
बुधवार, ९ ऑक्टोबर

चि. अनघास शालनआत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र मिळालं. पोरी, तू पत्र लिहितीस का पंचनामा? आठ नंबर वाचून मला वाटलं खालती साक्षीदारांच्या सह्या असतील. पण हसले लय. गार्ड फलाटावर आणि गाडी पुढं, असं त्याच्या नोकरीत कदी झालं न्हाई, ते तुमी करून दाखवलं.

आता माझं ऐक. तुजा बाप गोरख लहानपणी रुसायचा तवा घरामागच्या चिंचेवर जाऊन बसायचा आणि भूक लागली की आपला आपण उतरायचा. आमची आय त्याला बोलवायला कदी गेली न्हाई. पण तो रुसायचा तवा बडबड लय करायचा. गप बसला म्हंजी रुसलेला न्हाई, कायतरी मनात धरून बसलाय. तू त्याच्याबरोबर राहतीस, तुला ठावं असंल. नसंल तर इचार. तुजी एक खोड मला ठावं हाय, कुणाला काय इचारायचं म्हटलं की तू आधी त्याचं उत्तर घरच्या घरी काढून मोकळी होतीस.

आणि ती गांधीलमाशी काय मला पटंना. तुजा बाप माश्या उडवताना शिव्या देतो. दिल्या व्हत्या का?

माझ्या कानातलं मशीन आता नवीनच शिट्टी मारायला लागलंय. शेजारची रतनबाई म्हणती की कुकर बंद करा मावशी. गोरखला दसऱ्याला हितं पाठवून दे. हवा बदलंल त्याची. भाज्याचं मी बघते.

औषधं संगं दे त्याच्या. आनि तू जेवत जा येळंवर. माया हाय म्हणून बोलते.

तुजी आत्या,
शालन

•

बेगडेवाडी
सोमवार, १४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
जयभीम.

आबा तुझ्याकडे पोचले असतील. त्यांना पाठवायची वेळ आली नाही. दसऱ्याला आम्ही सगळे देहूरोडच्या विहारात गेलो होतो. वंदना झाली, प्रेरणाने सगळ्यांना सोनं दिलं, आणि परत निघताना आबा माझ्या स्कूटरवर न बसता देहूरोड स्टेशनात लोणावळ्याकडच्या फलाटावर जाऊन उभे राहिले. कारण विचारलं तर तिथली हवा चांगली आहे म्हणाले. पिशवीत कपडे होते, म्हणजे सकाळीच ठरलं होतं. रक्तदाबाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर, आधी नाही. ते आधी घेतात आणि घेतली नाही म्हणून पुन्हा घेतात. लक्ष ठेव.

शिव्यांचं तू विचारलंस. मी आठवून पाहिलं. दिल्या नव्हत्या.

काल दुसरा रविवार. आबा नसले तरी प्रेरणाला शब्द दिला होता म्हणून तिला शिरगावच्या शेतांकडे नेलं. भात आता निसवलंय, कडेच्या खाचरात पिवळंही पडायला लागलंय. तिने निरनिराळ्या लोंब्या शेजारी शेजारी ठेवून वहीत काढल्या. मी दाणा, तूस आणि कुसळ कसं वेगळं असतं ते दाखवलं. बांधावर बसून भाकरी आणि काकडी खाल्ली. बरं चाललं होतं. निघताना मात्र ती स्कूटरवर बसेना. हात कुणी दाखवला नाही म्हणाली. मी दाखवला. तिने बघितलं आणि हा चालणार नाही म्हणाली. शेवटी वाटेवरून बैल घेऊन चाललेल्या एका आजोबांना विनंती केली. त्यांनी का म्हणून न विचारता हात हलवला, तेव्हा आम्ही निघालो.

आता दुसरी गोष्ट. तू म्हणालीस तसं मी उत्तर घरच्या घरी काढलं होतं. ते तुला सांगते.

कंपनीचा नवा कारखाना कोइमतूरला उभा राहतोय. तिथल्या साच्यांचं डिझाइन करणाऱ्या गटाची जबाबदारी मला देऊ केली आहे, दोन वर्षांसाठी. असं काम माझ्या वयात सहसा मिळत नाही. २१ तारखेपर्यंत कळवायचं आहे. आबांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते जा म्हणतील आणि मग गॅलरीत बसतील. म्हणून मी नकार कळवायचं जवळजवळ ठरवलं आहे. इंदुरीला मी दादाशी एकदाच बोलून बघितलं, आबांना काही महिने त्याच्याकडे ठेवता येईल का म्हणून. तो हो म्हणाला. पण त्यांची जागा दोन खोल्यांची आहे आणि आबांना खिडकीतून रूळ दिसल्याशिवाय झोप लागत नाही.

हे तुझ्यापाशीच राहू दे.

तुझी,
अनघा

•

भांगरवाडी, लोणावळा
गुरुवार, १७ ऑक्टोबर, पौर्णिमा

चि. अनघास आशीर्वाद, जयभीम.

तू माझ्यापाशीच ठेव म्हणालीस आणि माझ्यापाशीच तुजा बाप बसलाय. त्याला न सांगता मी किती येळ दम धरणार? तरी एक रात काढली. पण सकाळी त्यानंच सांगितलं. त्याला समदं आधीच ठावं हाय. तुज्या ऑफिसातली ती सविता त्याला बेगडेवाडी ठेसनावर भेटली आनि तिनं तुजं कौतुक केलं. पंधरा दिस झाले त्याला. तवापासून तू कदी सांगतीस म्हणून वाट बघत व्हता.

मी त्याला म्हटलं की मग तूच का न्हाई इचारलं. तर म्हणतो की गाडी मोटरमननं पुढं काढायची असती, गार्डनं ढकलायची नसती. मी म्हटलं की दोघं बापलेक एका चिंचेवर बसा. ऐकू मला कमी येतं, पण त्या घरात बोलत कुणीच न्हाई.

बाकीचं तो सोता लिहितोय. मी चहा टाकते. आज पुनव हाय, रातच्याला खीर करणार हाय, तुजी वाटी काढून ठेवते.

शालन

चि. अनघा,

तुझ्या आत्याने अर्धा कागद सोडला आहे, त्यात बसेल तेवढं लिहितो.

इंदुरीला मी हात दाखवला तो खराच दाखवला. माशी नव्हती. कारपाशी तू आणि आकाश बोलत होता ते मला ऐकू आलं. मला कुठे ठेवायचं ते चाललं होतं. राग आला नाही. पण वाटलं, मी माणूस आहे की गेलेल्या गाडीतलं विसरलेलं सामान, की याच्या ऑफिसात जमा करा, त्याच्या ऑफिसात जमा करा. मग तुम्ही दोघांनी गाड्या चालू केल्या आणि माझ्याकडे बघितलं, जसं लहानपणापासून बघता तसं. मला वाटलं, जाऊ दे यांना. पुढे जायचं वय आहे. म्हणून हात हलवला. तुम्ही खरोखरच गेलात. मग मला हसू आलं. चांगलं हसू आलं. त्या घाटावरच्या माणसाला मी सांगितलं की माझी पोरं सिग्नल पाळतात.

मी आता रविवार बंद म्हणालो ते यासाठी की त्या निमित्ताने तरी तू कोइमतूरचं बोलतेस का ते बघत होतो. ती माझी चूक. पण तू मला सिग्नल न विचारता स्वतःची गाडी यार्डात उभी करून टाकलीस, ती तुझी.

मला कुणाकडे ठेवू नका. मी बेगडेवाडीलाच राहणार. आत्या पुढच्या आठवड्यापासून महिन्यातून काही दिवस येईल, काही दिवस मी इथे. आश्विनातले रविवार मी चालवणार आहे. तिसऱ्यापासून सुरुवात. शनिवारी येतो. प्रेरणाला सांग, स्टेशनाबाहेरच्या पिंपळाखाली बसायची तयारी ठेव.

आबा

•

बेगडेवाडी
सोमवार, २१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
जयभीम. खिरीची वाटी आबांनी डब्यातून आणली. पोचली. अर्धी डब्याच्या झाकणाला होती.

तुमचं दोघांचं पत्र मी एकापेक्षा जास्त वेळा वाचलं. त्यावर फार लिहिणार नाही. शनिवारी आबा आले तेव्हा मी त्यांना आधी चहा दिला आणि मग जाऊ का म्हणून विचारलं. त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला, गॅलरीत गेले आणि तिथून माझ्याकडे तोंड करून हात वर केला. मी हसले. तेही हसले. आज सकाळी मी होकार कळवला. जानेवारीत जायचं आहे.

काल तिसरा रविवार झाला. स्टेशनाबाहेर पिंपळाखाली सतरंजी टाकली. घरापासून चालत गेलो, चिवडा घरचा होता. आबांनी प्रेरणाचे डोळे रुमालाने बांधले आणि नुसत्या आवाजावरून येणारी गाडी लोकल आहे की एक्स्प्रेस की मालगाडी ते ओळखायला शिकवलं. डब्यांची जोडणी कशी वाजते, मालगाडीचा आवाज आधी पायांना कसा कळतो, असं सगळं. आधी ती चुकत होती. मग अनितावहिनी चुकत राहिल्या आणि तीच बरोबर ओळखू लागली. दादाने एकदा तोंडाने मालगाडीचा आवाज काढला तर पोरीने ही खोटी गाडी आहे म्हणून सांगितलं. शेजारच्या इमारतीतली मुलंही येऊन बसली. आबांनी त्यांच्याही डोळ्यांना रुमाल बांधले. इतकं बोलताना मी त्यांना आईच्या वेळेनंतर पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी ती मुलंही आपल्या आयांना घेऊन भाज्याला येणार आहेत. त्यांना आबांनीच बोलावलं, मला न विचारता.

तर चौथा रविवार, २७ तारीख, भाजे. आबांनी ठरवलेला बेत असा आहे. कार आणि स्कूटर घरी. सगळे एकाच लोकलने मळवलीला उतरायचं, म्हणजे कोण कुठल्या गाडीत हा प्रश्नच नाही. तू लोणावळ्याहून येणाऱ्या गाडीने मळवलीला ये, आम्ही फलाटावर थांबू. तिथून खाचरांच्या कडेने चालत. सोनकी आता ओसरत आली असेल, तरी डोंगराच्या सावलीतल्या बाजूला थोडी राहते. ती तोडायची नाही, मुलांनी बघून रंगवायची, असं आबांनी आधीच जाहीर केलंय. पायऱ्या तुला जमतील तेवढ्याच. वाटेत बसायला जागा आहेत आणि घाई कुणालाच नाही. लेण्यात वंदना घेऊ, मग खाली येऊन जेवू. ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आमच्याकडून. तू पिठलं आण असं आबा म्हणतात. तुझ्यासारखं माझं होत नाही असंही म्हणतात. ते मी जसंच्या तसं कळवते आहे.

एक काम मात्र तुझ्यासाठी राखून ठेवलं आहे. परतताना आबा फलाटावर फेरी मारतील, सगळ्यांना डब्यात चढवतील आणि मग हात दाखवतील. लोकल कुणासाठी थांबत नाही. या वर्षी हात दाखवण्याआधी ते स्वतः डब्यात चढलेत की नाही हे बघायला एक माणूस हवं, आणि पुढच्या दोन आश्विनांत मी इथे नसेन. ते ज्याचं ऐकतील असं माणूस तूच आहेस. कानातल्या मशीनला शिट्टी येत असेल तर तीही वाजव.

हे काम घेणार का, आणि लोणावळ्याहून कुठली गाडी धरणार, ते शुक्रवार, २५ तारखेपर्यंत कळव.

तुझी,
अनघा