ऑरिनच्या बुटांचा आवाज

शिकागो, ११ मार्च १८८८

प्रिय अल्मा,

तुझं पत्र आणि वाळवलेल्या सफरचंदांची पुरचुंडी मिळाली. सातवा महिना, पाय सुजलेले, आणि तू माझ्यासाठी पुरचुंड्या बांधतेस. तुला समजावण्यात अर्थ नाही हे मला, तुझ्या थोरल्या बहिणीला, तू चार वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.

सोबतचा, पोरं माझ्या हवाली करण्याचा कागदही वाचला. "थर्झा, या खेपेला मी उठले नाही तर पाचही पोरं तू ने. ऑरिन चांगला आहे गं, पण त्याला पोरींच्या वेण्या घालता येत नाहीत." वाचून आधी हसू आलं, मग बराच वेळ रडत बसले. पाचव्या बाळंतपणाच्या वेळीच डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी एक तुला झेपायचं नाही. तरी त्या कागदावर मी अजून सही केलेली नाही.

तुला वाटतं, मी टपाल तपासनिसांच्या कचेरीत नुसत्या नकला करते. शाळकरी मुलांच्या हाती टपालातून घाणेरडी चित्रं पडतात, ती थांबवायची, असं सांगून मला घेतलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यानं ती चित्रं आणि दिवस राहू नयेत म्हणून बायका मागवतात ती साधनं एकाच पोत्यात घातली आहेत; दोन्ही टपालानं धाडणं सारखाच गुन्हा. एकदा साहेबांनी माझं अक्षर पाहिलं. म्हणाले, "बाई, हे तर दमलेल्या आईचं अक्षर आहे." तेव्हापासून मी खोटी नावं घेऊन डॉक्टरांना गयावया करणारी पत्रं लिहू लागले. डॉक्टरांकडून पुडकं आलं की त्यांना पकडायचे.

सुरुवातीला माझी पत्रं कुणालाच पटत नव्हती. साहेब म्हणायचे, "यात जीव नाही. जरा रडा की." मला लग्न माहीत नाही, बाळंतपण माहीत नाही. मग मी ट्रंकेतून तुझी पत्रं काढली.

तू लिहिलं होतंस, "संध्याकाळी पायरीवर ऑरिनच्या बुटांचा आवाज आला की पोटात गोळा येतो, आणि तो बिचारा काही वाईट नाही." ते वाक्य मी जसंच्या तसं उचललं आणि डॉ. हॅस्कलना धाडलं. त्यांचं नाव साहेबांच्या यादीत होतं. अल्मा, ते तुझ्याही पत्रात होतं. शेजारणीनं तुला सांगितलं होतं, आणि तू लिहिलं होतंस की अजून धीर होत नाही. मी मनाशी म्हटलं, हिला कसला धीर होतोय.

त्यांनी पुडकं पाठवलं आणि ते पकडले गेले. कोर्टात माझं पत्र मोठ्यानं वाचलं. बुटांच्या वाक्याला मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. काही बोलायचं आहे का, असं विचारल्यावर म्हातारे डॉक्टर म्हणाले, "बाई तुम्ही रचली असेल. ते बुटांचं रचलेलं नाही. ती कुठेतरी आहे. तिच्याकडे कुणीतरी जा." मी दाराजवळ मान खाली घालून बसले होते. त्यांना दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

त्याच आठवड्यात तुला धीर झाला. तू त्यांना लिहिलंस, सहा आठवडे वाट पाहिलीस, आणि मग मला कळवलंस, "त्यांनीही तोंड फिरवलं गं. मी काय वाईट मागितलं होतं?" त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं. ते तुरुंगात दगड फोडत होते, आणि हे मला माहीत असूनही मी तुला नुसतं 'देव बघेल' असं उत्तर पाठवलं.

नोकरी मी परवा सोडली. त्यानं तुझ्या पोटातलं काही बदलत नाही. या पत्रात कायद्याला खुपेल असा एक शब्द नाही, आणि तुझ्या कामाला येईल असाही नाही. तू पोरं ज्या हातात देते आहेस त्या हातानं काय लिहिलं, हे तुला ठाऊक असावं, एवढ्यासाठी लिहिलं. माझं नाव खोडायचं असेल तर खोड, दुसरं कुणी शोधायला अजून दोन महिने आहेत. ठेवायचं असेल तर एक ओळ पाठव, मी सही करून लगेच आयोवाची गाडी धरते. काहीही लिही. फक्त माझा काही दोष नाही असं लिहू नकोस. तू तसं लिहिशील, तुझा स्वभावच तो, आणि मला ते सोसणार नाही.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
थर्झा