आधी बीबी, मग खामगाव

खामगाव
१४ जून २०२४

तीर्थरूप बाबांस,
हिमानीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई तिच्या मनाने सांगते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आमचा दवाखाना खामगाव सोडून कुठेही जात नाहीये. आईने शेजारीपाजारी तसं सांगून टाकलं असेल, तर तिनेच ते निस्तरावं.

स्थलांतर आहे ते माहितीचं. ट्रस्टचे तीन दवाखाने: खामगावचा मोठा, बुलढाण्याचा मधला आणि बीबीचा छोटा. तिन्हीकडे संगणकावरची व्यवस्था वेगवेगळी. बीबीचा पेशंट इकडे पाठवला की त्याचे रिपोर्ट नातेवाइकांच्या पिशवीतून येतात, आणि कधीकधी पिशवीच घरी राहते. आता तिन्हीकडचं सगळं एकाच नव्या व्यवस्थेत न्यायचं आहे. त्याचा आराखडा माझ्याकडे आहे. आधी काय हलवायचं, मागाहून काय, आणि बिनसलं तर परत कसं फिरायचं, हे सगळं त्यात येतं.

माझं म्हणणं, आधी बीबी. दवाखाना छोटा, चुका झाल्या तरी आवाक्यात राहतील. मग बुलढाणा, शेवटी खामगाव, आणि प्रत्येक ठिकाणी जुनं काही दिवस नव्याच्या शेजारी चालू ठेवायचं. आमचे अध्यक्ष दयारामजी यांना हे मान्य नाही. त्यांना तिन्हीकडे एकाच दिवशी हवंय, अकरा ऑगस्टला, ट्रस्टच्या वर्धापनदिनी. आणि त्यांच्यावर रागावताही येत नाही. त्यांच्या आईला बीबीहून इथे आणलं तेव्हा कागद मागे राहिले होते. सगळ्या तपासण्या नव्याने करण्यात वेळ गेला आणि त्या गेल्या. काल ते मला म्हणाले, "हिमानीताई, तुम्ही थांबा म्हणता तेव्हा मला तीच खाट दिसते."

पण आराखडा मी बदललेला नाही. उद्या ट्रस्टची बैठक आहे.

आईचे गुडघे कसे आहेत? तुम्हा दोघांची माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.

आपली,
हिमानी


बुलढाणा
२२ जून २०२४

चि. हिमानीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईने ते दोनदा वाचलं आणि दवाखाना हलत नाही म्हटल्यावर थोडी नाराजच झाली. दवाखाना इकडे येणार असं धरून तिने तुझ्यासाठी घरातली एक खोलीसुद्धा आवरून ठेवली होती.

शाळा बदलली तेव्हा तू नव्या शाळेत गेलीस आणि दप्तर जुन्या शाळेत ठेवून आलीस. आता म्हणे तीन दवाखान्यांची माहिती तू हलवणार! असो. तुझं म्हणणं मला पटतं, पण रीत पटत नाही. मी जन्मभर कोर्टात कारकुनी केली. साहेबांना तोंडावर 'नाही' म्हणायचं नसतं, 'पाहतो' म्हणायचं असतं. शिवाय तो माणूस दुःखातून बोलतो आहे. थोडं त्याने तुझ्याकडे यावं, थोडं तू त्याच्याकडे जा.

गुडघे तसेच. ती डॉक्टरकडे जात नाही आणि मी विषय काढला की 'मला ऐकू येत नाही' म्हणते.

जेवणाची आबाळ करू नकोस. उत्तराची वाट पाहतो.

तुझे,
बाबा


खामगाव
१२ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप बाबांस,
सा. नमस्कार.

इतके दिवस पत्र नाही, कारण श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्या बैठकीत काही ठरलं नव्हतं; मग तुमचं ऐकून मी थोडी पुढे गेले आणि दयारामजीही थोडे माझ्याकडे आले. जुलैत बीबी आणि बुलढाणा, वर्धापनदिनी खामगाव, असं ठरलं. बदल्यात मी एक अट मान्य करून घेतली. पेशंटच्या माहितीत कुठेही खोट दिसली तर आम्ही जुन्यावर परत जाऊ, आणि तो निर्णय माझा एकटीचा असेल.

बीबीत पहिल्याच दिवशी एकाच गावच्या दोन गीताबाई एकमेकींच्या कागदांत शिरल्या. आता नावाबरोबर फोटोही घेतो. बुलढाणा सुरळीत गेलं.

आणि काल खामगाव. मांडव, पाहुणे, फीत, सगळं तयार होतं. वॉर्डांत सकाळीच नवं सुरू झालं होतं, फीत कापायची तेवढी बाकी होती. पुरुषांच्या वॉर्डात जयमाला सिस्टर संगणकाच्या पडद्यावर नवी व्यवस्था पाहत होत्या. तिथे गोकुळ नावाचा पेशंट आहे, ट्रॅक्टरवरून पडून पाय फाटलेला. डॉक्टरांनी त्याला पेनिसिलिन लिहिलं होतं. सिस्टर धावतच माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मॅडम, त्याले पेनिसिलिन चालत नाही. जुन्यात लिहेल होतं, नव्यात काऊन दिसून नाही राह्यलं?"

बाबा, आमच्या जुन्या व्यवस्थेत असलं काही लिहायला जागाच नव्हती. म्हणून सिस्टर लोक वर्षानुवर्षं ते पत्त्यात लिहीत आले: 'पेनिसिलिन चालत नाही, मु. पो. अमुक'. नव्या व्यवस्थेने गावाचं नाव तेवढं ठेवलं आणि बाकीचं गाळून टाकलं. बीबी आणि बुलढाण्याच्या व्यवस्था वेगळ्या असल्यामुळे तिथे हे कळलंच नाही. वॉर्डात कुणालाही विचारायचं माझ्या आराखड्यात नव्हतं.

इंजेक्शन थांबवलं. तशीच मांडवात गेले आणि दयारामजींना म्हणाले, "आज परत फिरायचं."

ते म्हणाले, पाहुणे दारात आहेत.

"मग त्यांना चहा द्या. नवं आज चालणार नाही."

आजूबाजूला सगळे ऐकत होते. परत फिरायची तालीम आम्ही केलेली होती, त्यामुळे दुपारच्या आत सगळे वॉर्ड जुन्यावर आले. दयारामजींनी कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगितलं आणि माझ्याकडे न पाहता निघून गेले. आज ट्रस्टने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. जे घडलं तेच लिहून दिलं.

नोकरीचं काय होईल ते होवो. आईला हे जरा बेताने सांगा.

तुमच्या आशीर्वादाची या घडीला जास्तच गरज असलेली,
हिमानी


बुलढाणा
१८ ऑगस्ट २०२४

चि. हिमानीस,
अनेक आशीर्वाद.

उद्घाटन रद्द झाल्याची बातमी इथल्या पेपरात आली. फिरायला गेलो की लोक विचारतात, आणि मी कानाकडे बोट दाखवून पुढे जातो. बहिरेपणाचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

निर्णय बरोबर होता. पण वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत चहावरून बोललीस, ते बरं नाही. त्याची माफी माग. नोकरी गेली तर घर आहे. आणि त्या गोकुळचं पुढे काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस.

खाली तुझी आई लिहिते आहे. मला वाचू देत नाही.

तुझे,
बाबा

ता. क. हिमे, माफीबिफी काही मागू नको. तू पोटात होती तवा मले सल्फाची गोळी देल्ली होती, सारं अंग सुजलं होतं. तुह्या बाबाले विसर पडला असंन, मले नाही पडला. त्या पोराची माय तुले दुवा देत असंन. – आई


खामगाव
२८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस व सौ. आईस,
हिमानीचा सा. नमस्कार.

दोघांचंही ऐकलं. दयारामजींकडे जाऊन चहाच्या बोलण्याची माफी मागितली, परत फिरण्याची नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि अशा नोंदी किती असतील एवढंच विचारलं. मी म्हटलं, हजारो पत्ते आहेत, एकेक वाचल्याशिवाय कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, मला शिकवा. खुलाशाचा विषय पुन्हा निघाला नाही. त्यानंतर ते रोज दुपारी येऊन पत्ते वाचत राहिले. एका बाजूला ते, एका बाजूला जयमाला सिस्टर, मध्ये मी. कुणाच्या पत्त्यात हृदयाची झडप निघाली, कुणाच्या पत्त्यात साखर. एकात होतं, 'कमी ऐकू येते, जोरात बोलणे.' बाबा, मला क्षणभर वाटलं तुम्हीच. गोकुळ केव्हाच बरा होऊन घरी गेला, स्वतःच्या पायांनी.

सोमवारी खामगाव नव्यावर आलं. मांडव नाही, फीत नाही. सकाळी दार उघडलं आणि काम सुरू झालं.

गुरुवारी बीबीहून रुपाली नावाच्या बाईला इकडे पाठवलं. बाळंतपण अडलेलं, रक्त जात होतं. गाडी रस्त्यात होती तेव्हाच इथल्या डॉक्टरांनी तिचे सगळे रिपोर्ट वाचले. ती पोचली तेव्हा तिच्या गटाचं रक्त दारात तयार होतं. बाई सुखरूप आहे आणि मुलगीही. तिच्या माणसांजवळ एकही कागद नव्हता.

दयारामजीही तिथे आले होते. पोरीचं रडणं ऐकू आल्यावर भिंतीकडे तोंड करून ते उभे राहिले. मी जवळ गेले नाही. मग स्वतःच माझ्याकडे आले, डोळे पुसले आणि म्हणाले, आता तरी जुनं बंद करून टाका.

मी म्हटलं, नाही. दिवाळी होईपर्यंत ते शेजारी चालू राहील, आराखड्यात तसं आहे.

मला वाटलं, पुन्हा बिनसलं.

"बरं," ते म्हणाले, "मग तोवर जुनंही झाडूनपुसून ठेवा."

इथून हलता येत नाही, म्हणून दिवाळीला तुम्हीच या. तुमचा लोभ पत्रातून पुरत नाही.

आपली,
हिमानी