अर्ध्यात तोडलेली ओवी

तेर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय योगीराज,

सप्रेम नमस्कार. इकडं आम्ही सगळे बरे आहोत, तूही पुण्यात बरा असशील. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर मास्तरांनी आधी मला न्याहाळलं, मग पाकिटाची धूळ झटकली.

अक्षदानं तुझा निरोप दिला. "दादा म्हणतोय, अप्पांच्या ओवीचं पूर्ण रेकॉर्डिंग समर्थकडून घे. बाकी त्याच्याशी काय बोलायचं न्हाय." त्याचं लिहितोच. आधी आपल्या अल्बमचं ऐक. तू बँड सोडलास तरी ड्रम तुझेच आहेत त्यात.

'दुबार' येऊन तीन महिने झाले. पुण्याच्या एका वेबसाइटनं लिहिलं, 'कोरडवाहू' या बँडचा राग उसना आहे आणि गिटार सगळ्यांच्या डोक्यावर बसली आहे. त्या बाईंना तुझे ड्रम मात्र आवडले. धाराशिवच्या पेपरनं आपल्याला 'जिल्ह्याची शान' म्हटलं आणि फोटोखाली तुला समर्थ, मला योगीराज करून टाकलं. आईनं सगळी आठ गाणी मन लावून ऐकली आणि म्हणाली, "लई आपटताय रं."

मुंबईच्या एकानं पाचपैकी साडेतीन तारे दिले. त्याचं वाक्य मला पाठ झालंय. 'सातव्या गाण्यात एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा आवाज चाळीस सेकंद येतो, आणि त्यानंतर बाकीचा अल्बम खोटा वाटू लागतो.' तो मेंढपाळ म्हणजे तुझे वडील, हे त्याला कुठं ठाऊक. पुण्याच्या बाईंचं नेमकं उलटं: तो आवाज म्हणजे शोभेला लावलेलं तोरण. मी दोघांशीही भांडलो. त्यांच्या पानांवर रोज हातभर उत्तरं लिहायचो, मग कोणी काय म्हटलं ते दर दहा मिनिटांनी बघायचो. रिकामटेकडा माणूस दुसरं काय करणार!

डिसेंबरच्या शेवटी बेंबळीला तुमच्या घरी गेलो होतो. अप्पा मेंढरांपाशी बसले होते. त्यांना सातवं गाणं लावून दिलं. गाणं संपलं तरी त्यांनी फोन कानावरचा काढला नाही.

"पुढं?"

"एवढंच घेतलंय, अप्पा."

"आरं, मिटली न्हाय की रं ती."

तू मला ओवी कापू नको म्हणून बजावलं होतंस, त्यावरूनच आपलं वाजलं. मला तेव्हा तो नुसता हट्ट वाटला. घरातल्या माणसांची नावं घेतल्याशिवाय तुमच्यात ओवी मिटत नाही, आणि उघडी सोडली तर घराला बरी नसते, हे मला अप्पांनी त्या दिवशी सांगितलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "येत्या ऐतवारी ये मशीन घेऊन. पुन्यांदा म्हणतो पहिल्यापासनं."

मी हो म्हणालो. त्या रविवारी गेलो नाही. मुंबईवाल्यानं माझ्या उत्तराला उत्तर दिलं होतं आणि मला त्याला गप्प करायचं होतं. पुढच्या रविवारीही गेलो नाही. मंगळवारी अप्पांना लकवा मारला.

अप्पांनी बोलावलं होतं आणि मी गेलो नाही, हे अक्षदाला माहीत नाही. तुलाही नाही.

परवा जाऊन आलो. उजवी बाजू गेलीय, तोंडातून नुसता घोगरा आवाज येतो. डॉक्टर म्हणतात, बोलणं परत येईल असं धरून चालू नका. अक्षदा म्हणाली, "ते रेकॉर्डिंग तेवढं द्या दादा, त्यांना पूर्ण ऐकवते. ऐकून तरी जिवाला बरं वाटंल." मी हो म्हणून मान हलवली आणि चहा प्यालो. ही माझी लायकी.

योग्या, ते रेकॉर्डिंग नाही. रेकॉर्डर मुरुमच्या माणिकप्पाचा होता, लग्नात साउंड लावतो तो. कार्ड भरलं होतं आणि मला त्यावर गिटार पुन्हा रेकॉर्ड करायची होती. चाळीस सेकंद कापून घेतले आणि बाकीचं पुसलं. अप्पा काय, कधीही गातील, असं वाटलं. माणिकप्पाला विचारलं, लातूरच्या दुकानात कार्ड दाखवलं. काही निघत नाही. आणि उरले त्या चाळीस सेकंदांवरही माझी गिटार चढवलेली आहे, ती वेगळी होत नाही. मी स्वतः म्हणून पाहिलं. चाल येते, शब्द येत नाहीत. ते अप्पांकडंच आहेत.

पुसण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐकलं होतं. शेवटी अप्पांनी तुझ्या आईचं नाव घेतलं, मग अक्षदाचं. तुझ्या नावापाशी ते थांबले, खाकरले, पाणी प्यायले, आणि मग तुझं नाव दोनदा घेतलं.

तालात बसत नव्हतं रे.

ज्याला मित्र म्हणू नयेस असा,
समर्थ