सरेच्या व्याह्यांसमोर केलेला उच्चार

ती. विनीफ्रेडआत्यांस,

स्किप्टनहून मॉरीनचा नमस्कार. तुमचा गुडघा आता चर्चच्या पायऱ्या चढू देतो का? (प्रवचन लांबणार असेल तर देत नाही म्हणावं, कोण तपासायला येतंय!) आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, अब्रू तेवढी अंथरुणाला खिळली आहे.

तर आमच्या जनीनचं लग्न ठरतंय. मुलगा पिअर्स गुणी आहे, पण घराणं लंडनजवळच्या सरेतलं, गवत कापायलासुद्धा माणूस ठेवणारं. त्याचे आईवडील, म्हणजे फेअरहोम मंडळी, रविवारी चहाला यायची होती. चहाबरोबरच्या त्या छोट्या गोल पावाला आपल्या यॉर्कशरात सगळे 'स्कॉन'च म्हणतात, हे तुम्हाला काय सांगायचं! लग्नानंतर लेस्टरला जाऊन तुम्ही 'स्कोन' म्हणायला लागलात, तेव्हा आजोबांनी तुमच्याशी अबोला धरला होता. पण मला वाटलं, बडे लोक 'स्कोन'च म्हणत असणार. (इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि त्यांच्या दारात दोन गाड्या आहेत.) म्हणून आठवडाभर मी आमच्या ह्यांच्याकडून घोकून घेतलं. क्लिफर्ड म्हणाले, "बाई गं, मी मेंढरं विकतो, जीभ विकत नाही." शेवटी त्यांच्या गळ्यात टाय बांधला आणि तोंड उघडायची बंदी केली.

मंडळी आली. ओव्हनमधून काढलेलं गरमागरम ताट, सोबत दाट साय आणि स्ट्रॉबेरीचा मुरंबा पुढे करून मी म्हटलं, "घ्या ना, स्कोऽऽन!" विहीणबाईंनी, ऑगस्टाबाईंनी, ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "वा! स्कॉन!"

मला वाटलं, बाई आमच्या बोलीची टवाळी करतेय. जनीनने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दातओठ खात सांगितलं, की खरे बडे लोक आपल्यासारखंच 'स्कॉन' म्हणतात, 'स्कोन' म्हणतात ते वर चढू पाहणारे. म्हणजे बघा आत्या, जन्मतः मी बरोबर होते आणि मेहनत करकरून चुकले!

बाहेर येते तो व्याही, रेजिनाल्डराव, डोळे पुसताहेत. "मघाशी काय म्हणालात? पुन्हा म्हणा." मी भीत भीत म्हटलं. "माझी आई अस्संच म्हणायची," ते म्हणाले. गडी मूळचा तुमच्या लेस्टरचा, बुटांच्या कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा! लग्न झाल्यापासून बाईंनी तो शब्द त्यांना उच्चारू दिला नव्हता. बिचारे बोट दाखवून मागायचे.

"रेजिनाल्ड!" बाई कडाडल्या.

"स्कोन," ते म्हणाले. "स्कोन, स्कोन, आणि साय जरा जास्त."

तेवढ्यात क्लिफर्डनी बंदी मोडली. "घ्या हो व्याही, काय वाट्टेल ते म्हणा, ताट रिकामं करा म्हणजे झालं!"

बाई गाडीत जाऊन बसल्या, भोंगा वाजवत राहिल्या आणि शेवटी एकट्याच निघून गेल्या. आता लग्न मोडलं म्हणून मी रडायला लागले. पिअर्स माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "रडू नका. बाबांना एवढं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. आईचं मी बघतो. लग्न मे महिन्यातच."

गुडघा जपा.

तुमची,
मॉरीन

ता. क. : रेजिनाल्डराव अजून आमच्याकडेच आहेत. माणूस गरीब गाय, पण संगत वाईट. काल भर मेंढीबाजारात क्लिफर्डच्या तोंडून 'स्कोन' निघालं, आणि त्यांच्या शेजारी कुणी उभं राहीना. तुमची माडीवरची खोली रिकामीच असते. विहीणबाईंचा राग उतरेपर्यंत रेजिनाल्डरावांना ठेवून घ्याल का? तुमच्या गावात त्यांना कुणी हसणार नाही.

ता. क. २ : घाईने उत्तर पाठवायची गरज नाही. हे पत्र ज्यांनी तुमच्या हातात दिलं ते तेच. दार लोटू नका, बाहेर गारठा असेल.