बाकावरून, बाबांना

मिल्टन कीन्स, रविवार

ती. बाबांना नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

आमची पहिली गोलकीपर जखमी झाली. दुसरी मी, म्हणून ग्लोव्ह्ज धुऊन तयार राहिले, तर क्लबने दुसरीकडून गोलकीपर आणली. कोच म्हणाले, "प्रणोती, यू आर सो रिलायबल." बाकावर बसायला!

इथे माझा करार वाढवून देतायत. इथल्याच खालच्या लीगमधल्या एका छोट्या क्लबनेही विचारलंय; तो मात्र प्रत्येक मॅच खेळवेल, निम्म्या पगारात.

मोठा क्लब सोडू नकोस म्हणाल. लेक इंग्लंडात खेळते, हे कोल्हापूरभर सांगून झालंय तुमचं. पण बॉल अडवायला गोल सोडून पुढे निघालं की अर्ध्यावर थांबायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. दोन वर्षं मी अर्ध्यावरच उभी आहे.

छोट्या क्लबला होकार कळवला. आता लोकांना सांगाल ते खरं असेल.

तुमची,
प्रणोती