मशीन गरम असताना

४ मार्च, सोमवार

सकाळी अंघोळ करून डोळे मिटले, हात जोडले आणि मग कॉम्प्युटरचं बटण दाबलं. लेक चहाचा कप घेऊन मागे उभी होती. तिच्या ऑफिसच्या माणसांनी नमुना म्हणून दिलेला घराचा नकाशा उघडला. झकास! तासाभरात पडदा निळा आणि मशीन बंद. पुन्हा चालू केलं तर नकाशातली स्वयंपाकघराची भिंत अंगणात जाऊन पडलेली.

"बाबा, राहू द्या," लेक म्हणाली.

कसं राहू देऊ? ऑफिस लांबच्या शहरात आहे. त्यांचं म्हणणं, इथे या, नाहीतर घरून करा, पण मशीन मध्येच बंद पडता कामा नये. महिनाअखेरीस कळवायचंय. हे मशीन मी सुटे भाग आणून, रोज डेपोतून आल्यावर एकेक स्क्रू पिळून जोडलंय. ते चाललं तर लेक घरात राहील. नाही चाललं तर जाईल. इतकं सरळ आहे.

६ मार्च, बुधवार

मेव्हण्याला फोन केला. आधी पोटभर हसून घेतलं त्याने. "भाऊजी, बसचं इंजिन नाही ते, की हातोडी मारली आणि चाललं!" मग मात्र नीट बोलला. रॅमची पट्टी खराब असेल म्हणे. मशीन काम करताना सगळं आधी त्या पट्टीवर मांडतं. पट्टीच फसवी असेल तर ठेवलेलं एक आणि परत मिळतं भलतंच. म्हणून भिंत अंगणात! तपासणीचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून देतो म्हणाला. चूक सापडली की लाल ओळी येतात.

भला माणूस आहे. जीभ तेवढी आवरत नाही.

७ मार्च, गुरुवार

झाकण काढलं, समोर टेबलफॅन लावला, तपासणी सुरू केली. एकही लाल ओळ नाही. दोन्ही पट्ट्या निर्दोष! झाकण लावलं, हिने शिवलेलं हिरवं कापड वरून घातलं, लेक कामाला बसली — आणि पडदा निळा.

मी म्हणालो, हे कापडच घात करतंय. वारा कोंडतो.

"अहो, धूळ बसू नये म्हणून डोळे फोडून शिवलं ते! माझ्या कापडावर येऊ नका. आता पिशवी शिवते त्याची, म्हणजे तुमचा जीव थंड होईल."

कापड काढून ठेवलं. तरी रात्री जेवायच्या वेळी पुन्हा निळा.

८ मार्च, शुक्रवार

ही बोलत नाही. मशीनही नाही.

९ मार्च, शनिवार

सापडलं! म्हणजे अजून सापडलं नाही, पण कुठे शोधायचं ते सापडलं!

डेपोत एका ड्रायव्हरची तक्रार, इंजिनातून खडखड येते. मी सकाळीच बॉनेट उघडून कान लावला. काही नाही. फोरमन मागून ओरडला, "थंड गाडीला काय विचारतोस रे? फिरवून आण. घाम फुटू दे तिला, मग बोलेल."

मी तिथेच हसायला लागलो. ड्रायव्हर बघतच राहिला. इतकी वर्षं याच डेपोत राबलो आणि घरी काय केलं? सवयीने आधी बॉनेट उघडलं! वर पंख्याचा वारा. थंड मशीन कशाला दुखणं सांगेल?

१० मार्च, रविवार

पंखा बंद. झाकण लावलं. हिला म्हटलं, "कापड दे तुझं."

"कशाला? पुरावा म्हणून?"

"साक्षीदार म्हणून."

हसली. तीन दिवसांनी! कापड घातलं, मशीन तापू दिलं, तपासणी लावली. बराच वेळ काहीच नाही. मनातल्या मनात नाम घेत बसलो. आणि मग लाल! ओळीमागून ओळ, पडदाभर लाल! लाल रंग बघून इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग एक पट्टी काढून फक्त दुसरी ठेवली. झाकून, तापवून तपासली — स्वच्छ. ती काढून पहिली लावली — लाल. तीच पहिली शेजारच्या खाचेत लावून पाहिली, न जाणो खाचच खराब असेल. तरी लाल. म्हणजे पट्टीच! थंड असताना गुणी बाळ, तापली की थापा.

हिला सांगितलं, कापड निर्दोष सुटलं.

"ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

१३ मार्च, बुधवार

दुकानदाराने पट्टी बदलून दिली. आज दिवसभर झाकण, कापड, खिडकी बंद, सगळा छळ केला मशीनचा. हूं की चूं नाही! लेकीने आख्खा नकाशा पुरा केला. प्रत्येक भिंत जिथल्या तिथे. मेव्हणा फोनवर म्हणाला, "मानलं भाऊजी!" मी डेपोतसुद्धा सांगून आलो. फोरमन म्हणाला, "मग? गुरू कोण?"

लेक म्हणाली, "जिंकलात बाबा. उद्या कळवते त्यांना, घरूनच करते म्हणून."

मग आत गेली. पाणी प्यायला उठलो तेव्हा दिसलं — पलंगावर बॅग उघडी होती आणि ती एकेक कपडा काढून कपाटात परत ठेवत होती. बॅग भरलेली होती हे मला माहीतच नव्हतं.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी हात जोडून बसलो. मी सहसा काही मागत नाही, आजही मागितलं नाही. पण एक गोष्ट समोर आली ती हलेना. मशीन बंद पडायचं तेव्हा तिचा चेहरा कधी पडला नाही. माझाच पडायचा.

थंड गाडीला विचारत होतो मी. लेकीलाही तसंच.

१७ मार्च, रविवार

तिकडेच येते असं ऑफिसला कळवायला लावलं तिला. मशीन सकाळच्या बसच्या टपावर चढवू दिलं नाही. आत, तिच्या सीटखाली, माझ्या हाताने ठेवलं. हिने त्या हिरव्या कापडाची खरंच पिशवी शिवली, दोन भक्कम बंद लावून. लेक म्हणाली, "बाबा, तिकडे बंद पडलं तर?" म्हटलं, "मला फोन कर. पण लगेच झाकण उघडू नकोस."

पाठवलं तिला. मीच.