मॅडमचं 'जेवलात का?'

अहो,

तुमचा फोन मी अजून चालू ठेवलाय. आज दुपारी त्या ट्रेडिंगवाल्या मॅडमचा मेसेज आला, 'सर, जेवलात का? आज डॉलरमध्ये पैसे खात्रीने दुप्पट!'

"तुला तिचा हेवा वाटतो," असं तुम्ही हसून म्हणायचात. वाटायचाच. दुप्पट होतात तर ती स्वतःचेच का करत नाही, हे मी विचारलं तेही निम्मं हेव्यानेच. "आधी थोडे काढून तर दाखवा," म्हटलं, तेव्हा तुम्ही रुसलात. शेवटी काढायला गेलात, तर ती म्हणाली आधी कर भरा, आणि तुम्ही तोही भरलात; हाती मात्र काहीच आलं नाही.

आज मी तिला लिहिलं, 'हे वारले.' लगेच उत्तर आलं, 'अभिनंदन सर! आता रक्कम वाढवूया.' म्हणजे पलीकडे बाई नव्हतीच, नुसतं यंत्र होतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मग मी तुमची जुनी उत्तरं वाचली. तिच्या प्रत्येक 'जेवलात का?'वर तुम्ही लिहिलंय, 'हो. आणि तुम्ही?'

ताट वाढून मी समोर बसायचे, तेव्हा मला कधी विचारलंत?

मी अजून जेवले नाहीये.

तुमचीच